महिरपी कंसातली बाही

बारकीला बारकी म्हणण्यात आता काही अर्थ उरला नव्हता. तीन भावंडांत ती शेंडेफळ, म्हणून लहानपणी चिकटलेलं ते नाव. पण पुढे पोरीने अशी काही उंची घेतली, की माळ्यावरचं काहीही काढायचं झालं तर घरात तिलाच हाक मारली जायची. नाव ऑफिसातही पोचलं, त्याला कारण तिची आत्या. एकदा आत्याने ऑफिसच्या फोनवर "आमची बारकी आहे का तिथं?" असं विचारलं, आणि तो फोन नेमका मालकीणबाईंनी उचलला. झालं. त्यानंतर तिचं खरं नाव तिथे कुणी वापरलं म्हणून नाही.

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालकीणबाईंचं टेबल आणि लोकरीच्या गुंड्यांनी भरलेलं एक काचेचं कपाट. मागच्या खोलीत खिडकीशी बारकी, आणि भिंतीशी तिचे सहकारी, ज्यांना ती मनातल्या मनात शिस्तमास्तर म्हणायची. या तिघांचा धंदा असा: तुम्हाला स्वेटर विणायचा आहे. तुम्ही त्यांच्या साइटवर जायचं, छातीचं माप, हाताची लांबी, लोकर जाड की बारीक, एवढं भरायचं, की तुमच्या मापाचा नमुना तुमच्यापुढे हजर. किती टाके घालायचे, कुठे वाढवायचे, कुठे कमी करायचे, सगळं ओळीओळीने लिहिलेलं.

यामागे बारकीची टेम्प्लेटं होती. टेम्प्लेट म्हणजे साचाच की. नमुन्याचा मजकूर आधी लिहून ठेवायचा, आणि जिथे माणसागणिक आकडा बदलणार तिथे दोन-दोन महिरपी कंस घालून त्यांच्यात त्या आकड्याचं नाव लिहायचं. गिऱ्हाइकाने मापं भरली की बारकीचा प्रोग्राम ते कंस शोधत जायचा आणि प्रत्येकाच्या जागी बरोबर आकडा आणून बसवायचा. दिसायला हे काम किचकट होतं. कंसांच्या जोड्या, त्यांच्यात लांबलचक नावं, काही ओळी पार पडद्याबाहेर गेलेल्या. पण बारकीला त्यातला कंस अन् कंस ठाऊक होता.

शिस्तमास्तर एका मोठ्या कंपनीतून आले होते. पन्नाशीचा, शांत, सज्जन माणूस. डबा खाऊन झाला की टेबल पुसायचा तो दोनदा: एकदा ओल्या फडक्याने आणि एकदा कोरड्या. बारकीने लिहिलेला कोड तपासायला त्यांच्याकडे जायचा आणि त्यांचा तिच्याकडे यायचा. इथेच माशी शिंकली. ते म्हणायचे, ओळीच्या सुरुवातीला चार जागा सोडा. ही म्हणायची, दोन पुरतात. ते म्हणायचे, कंस खालच्या ओळीवर घ्या. ही म्हणायची, वर काय वाईट आहे? दिवसेंदिवस कोडात चूक आहे की नाही हे बाजूलाच राहायचं आणि दोघं स्वल्पविरामावर हुज्जत घालत बसायची. शेवटी मालकीणबाई आत आल्या.

"तुमचं दोघांचं चाललंय तरी काय?"

"जागेवरून मतभेद आहेत," शिस्तमास्तर म्हणाले.

"मग आधी नाही का सांगायचं? कपाट मी पुढे घेते."

त्यांना समजावून सांगताना दोघांनाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच तोडगा निघाला. शिस्तमास्तरांनी फॉरमॅटर आणला. फॉरमॅटर म्हणजे कोड आवरून ठेवणारा प्रोग्राम. फाइल सेव्ह केली रे केली, की तो सगळा कोड स्वतःच नीटनेटका लावून टाकणार. जागा किती, कंस कुठे, ओळ केवढी, सगळं तोच ठरवणार. भांडायला काही शिल्लकच ठेवणार नाही.

बारकीने आधी नाक मुरडलं. मग दोन-चार दिवस वापरून पाहिला आणि तिला तो चक्क आवडला. कसंही लिहावं, सेव्ह करावं, की कोड न्हाऊन-माखून भांग पाडून उभा. शिस्तमास्तरांच्या सूचना थांबल्या, हिची कुरकुर थांबली. दोघं दुपारचा चहा एकत्र घ्यायला लागली. या काळात बारकीला एका नमुन्यात शुद्धलेखनाची चूक सापडली. ‘बाहि’ लिहिलं होतं, ते तिने ‘बाही’ केलं, फाइल सेव्ह केली आणि विसरून गेली.

आता आत्याकडे येऊ. आत्या म्हणजे बारकीच्या बाबांची धाकटी बहीण. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली, आणि आता निवृत्त होऊन दोन गल्ल्या पलीकडे एकटीच मजेत राहणारी. निवृत्त झाल्यावर हाताला चाळा हवा म्हणून ती विणकाम शिकली, तेही भाचीच्या साइटवरून. हात चांगला बसला होता, पण अजून नवखा. मफलर झाला, टोपी झाली, आणि आता तिने मोठं काम काढलं होतं: दादासाठी, म्हणजे बारकीच्या बाबांसाठी, राखाडी रंगाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर. पाठ झाली, पुढचा भाग झाला. त्याचे फोटो बारकीला आले, तिने कौतुकही केलं. आणि मग फोटो यायचे बंद झाले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बाबाच एकदा जेवताना म्हणाले, "तुझ्या आत्याचं काही कळत नाही. फोन केला तर हो-नाहीवर बोळवण करते. परवा मी विचारलं, स्वेटर कुठवर आला, तर म्हणाली, दादा, तू विकतचाच घे."

"बरं नाही का तिला?"

"विचारलं. म्हणते, मला काय धाड भरली आहे."

बारकीला ते खटकलं. आत्या आणि अशी बोलणार? सुट्टीच्या दिवशी सकाळी ती उठली आणि सरळ आत्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

आत्याने दार उघडलं, हसलीही, पण ते हसणं काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. घर नेहमीसारखं लख्ख. फक्त खिडकीजवळच्या खुर्चीवर एरवी पडलेली लोकरीची पिशवी तिथे नव्हती. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. बारकीने पाण्याचा पेला ठेवायला टेबल पुसायचं फडकं शोधलं, आणि फडक्यासाठी खण ओढला तर आत राखाडी लोकर. तिने हात घालून बाहेर काढलं. एक बाही. तिच्या खाली दुसरी. तिच्या खाली तिसरी. आणि तिन्हींचा आकार असा, की खांद्याशी रुंद आणि कोपरापर्यंत येता येता निमुळती होत होत टोकच झालेलं. गाजरं. राखाडी रंगाची तीन मोठी गाजरं.

"ठेव ते," आत्या म्हणाली. आवाज एकदम खाली गेला होता.

"आत्या, हे काय आहे?"

"काय असणार? बाही आहे. नमुन्यात दिलंय तसंच करतेय गं मी, एकेक ओळ वाचून. पहिली अशी आली. म्हटलं, कुठेतरी मोजायला चुकले असेन. उसवायचा जीव होईना, म्हणून दुसरी घातली. तीही तशीच. तिसरीला तर प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने खूण करत गेले." तिने खण लोटून बंद केला. "चाळीस वर्षं कागदावर लिहिलेलं औषध मोजून दिलं. कधी एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. आणि आता मला बाही जमत नाही. एवढं वाचून कळत नाही म्हणजे डोकंच चालेनासं झालं म्हणायचं. आईचंही असंच सुरू झालं होतं."

गंमत म्हणून हातात घेतलेली गाजरं बारकीने अलगद टेबलावर ठेवली. म्हणजे इतके दिवस ही बाई या घरात एकटी बसून स्वतःला विसराळू ठरवत होती, आणि कुणाला सांगतही नव्हती.

"नमुना दाखव बघू," ती म्हणाली.

आत्याने छापून आणलेले कागद काढून दिले. बारकीने बाहीचं पान वाचलं. खांद्यापासून सुरू होऊन मनगटाकडे येणारी बाही. एवढे टाके घाला. चार ओळी सरळ विणा. आणि मग: ‘प्रत्येक ओळीत दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करा.’

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. वाक्यात खोट काढायला जागा नव्हती. व्याकरण शुद्ध, अर्थ स्वच्छ. फक्त तिने लिहिलं होतं ते हे वाक्य नव्हतं. तिच्या साच्यात ‘प्रत्येक’ आणि ‘ओळीत’ या दोन शब्दांच्या मध्ये महिरपी कंस होते. बाबांच्या मापाला तिथे ‘सहाव्या’ यायला हवं होतं. प्रत्येक सहाव्या ओळीत टाका कमी केला तर बाही हळूहळू निमुळती होते. प्रत्येक ओळीत केला तर गाजर होतं.

"आत्या," ती म्हणाली, "तू एकही टाका चुकलेली नाहीस."

"उगाच माझी समजूत काढू नकोस."

"समजूत कसली? इथला एक शब्द गळलाय. आमच्याकडून. तू लिहिलंय तसं अगदी बरोबर विणलंस, म्हणून तर तिन्ही बाह्या एकसारख्या आल्यात. चुकत असतीस तर तीन तऱ्हा झाल्या असत्या."

आत्याने तिसरी बाही उचलून पहिलीवर ठेवली. मग दुसरी वर ठेवली. कडेला कड, टोकाला टोक. मग ती चष्मा काढून पदराने पुसायला लागली, आणि पुसतच राहिली.

"एकसारख्या आहेत खऱ्या," ती शेवटी म्हणाली. "चांगलं आहे की मग." आणि उठून तिने दुसऱ्यांदा चहा टाकला. या वेळी बिस्किटंही आली.

चहा पिताना बारकीने पाठीवरच्या पिशवीतून आणलेला ऑफिसचा लॅपटॉप उघडून साचा बघितला, तर काय झालं ते समोरच होतं. ती ओळ होती लांबलचक. फॉरमॅटरला लांब ओळ खपत नाही. त्याने ती मधूनच, नेमकी महिरपी कंसांच्या आत, मोडून दोन ओळींवर घेतली होती. दिसायला सुबक. पण बारकीचा प्रोग्राम कंसांची जोडी एकाच ओळीत शोधायचा. एक महिरप वर आणि दुसरी खाली गेल्यावर त्याला ती जोडीच ओळखू येईना. शुद्धलेखनाच्या त्या दुरुस्तीनंतर तिनेच फाइल सेव्ह केली होती, तेव्हाची ही करामत.

"म्हणजे तो जो कोण आवरणारा आहे, त्याने घोळ घातला," आत्या म्हणाली.

"उद्या जाऊन आधी त्याचीच हकालपट्टी करते. आणि ज्यांनी आणला त्यांनाही दोन शब्द ऐकवते."

आत्या बिस्किट चहात बुडवत म्हणाली, "आमच्या वॉर्डात एकदा नवी सिस्टर आली होती. फार टापटिपीची. मी औषधांच्या बाटल्या ट्रेमध्ये पेशंटच्या खाटांच्या क्रमाने मांडायचे. तिने एकदा आवरताना त्या उंचीच्या क्रमाने लावून ठेवल्या. ट्रे असा दिसत होता, की फोटो काढावा."

"मग? काढून टाकलं तिला?"

"काढून कशाला टाकायचं? बाकी सगळा वॉर्ड तिने आरशासारखा ठेवला होता. मी ट्रेला लाल पट्टी बांधली. लाल पट्टी दिसली की तिने हात लावायचा नाही, एवढंच ठरलं. चांगली मुलगी होती गं. तिच्या लग्नात मी जेवायला वाढलंय."

तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरताना ‘दोन शब्द’ बारकीच्या तोंडात तयारच होते. ते तिने ऐकवलेही. बाही, गाजर, आत्या, चाळीस वर्षं, सगळं एका दमात. शिस्तमास्तर ऐकताना पांढरे पडले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तीन बाह्या विणल्या त्यांनी?"

"तीन."

"आणि त्यांना वाटलं, त्यांचंच काहीतरी..." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "माझी आईही विणायची. मी आधी साचा बघतो, मग बोलू."

ते बघायला बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी बारकीला बोलावलं. बोलले ते अगदी हळू, जणू तिचं काहीतरी पडलेलं उचलून देत होते.

"ओळ आमच्या फॉरमॅटरने मोडली, हे खरंच आहे. पण मग पानावर मोडके कंस दिसायला हवे होते ना? ते दिसले असते तर आत्याबाईंना कळलं असतं, की काहीतरी फाटलंय. ते गेले कुठे?"

बारकीने त्यांच्या बोटापुढची ओळ वाचली आणि तिचा पारा झर्रकन उतरला. ती ओळ तिचीच होती. धंदा नवीन असताना एका गिऱ्हाइकाला पानावर कंस दिसले होते आणि मालकीणबाई म्हणाल्या होत्या, लोकांना असलं काही दिसता कामा नये. म्हणून तिने शेवटी एक झाडू ठेवला होता: आकडे बसवून झाल्यावर जे काही महिरपी कंस उरतील ते आतल्या मजकुरासकट झाडून टाकायचे. एकाने मोडलं, दुसऱ्याने मोडलेलं झाडून नेलं, आणि मागे उरलं एक चकचकीत चुकीचं वाक्य.

"माझ्या झाडूचा प्रताप," ती म्हणाली.

"माझा आवरणारा आणि तुमचा झाडू," शिस्तमास्तर म्हणाले. "जोडी जमली." आणि दोघं एकमेकांकडे बघून अशी हसली, की मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्यांना सगळं सांगितल्यावर मात्र त्या खुर्चीतच बसल्या. त्यांना दोन-तीन गिऱ्हाइकांची पत्रं आली होती, बाही विचित्र येते म्हणून. आणि त्यांनी प्रत्येकाला अत्यंत नम्रपणे उत्तर पाठवलं होतं, की कृपया टाके पुन्हा मोजून पाहा.

"एकीने तर मला आभाराचं लिहिलं होतं," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "म्हणाली, बाही काही झाली नाही, पण नातवाला टोपी म्हणून झकास बसली. आणि मला वाटलं, बाई विनोदी आहे."

"लिहायचं का सगळ्यांना?" बारकीने विचारलं.

"लिहायचं म्हणजे काय, आजच लिहायचं. चूक आपली होती, तुमची नव्हती, हे पहिल्या ओळीत. सोबत बरोबर नमुना आणि लोकरीचा एकेक गुंडा. कपाट कधीतरी रिकामं करायचंच होतं." आणि त्या निघता निघता वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं हे असं बांधून ठेवा, की पुन्हा कुणाच्या हातून होणार नाही. माझ्याही."

तो दिवस आणि पुढचा दिवस दोघांनी त्याच कामात घातला. बारकीला लाल पट्टी आठवत होती. तिने ती गोष्ट शिस्तमास्तरांना सांगितली. ते म्हणाले, फॉरमॅटरलाही पट्टी बांधता येते. ओळीच्या वर एक टीप लिहायची, ‘याला हात लावू नकोस’, त्याला कळेल अशा शब्दांत. त्यांनी टीप लिहिली, फाइल सेव्ह केली. टिपेखालची ओळ तशीच राहिली. तिच्या खालची मात्र कडाकड मोडली.

"एकाच ओळीपुरतं ऐकतो हा," शिस्तमास्तर हिरमुसून म्हणाले.

"आज्ञाधारक आहे पण बिचारा. सांगितलं तेवढंच केलं."

मग त्यांनी साच्यांचं अख्खं कपाटच वेगळं काढलं. जे निव्वळ साचे होते ते एका फोल्डरमध्ये नेले, आणि फॉरमॅटरला सांगून टाकलं, की या फोल्डरची पायरीही चढायची नाही. राहिले ते मधलेअधले: गिऱ्हाइकांना जाणाऱ्या पत्रांचे साचे कोडाच्या पोटातच लिहिलेले होते, त्यांना उचलून नेणं अवघड. तिथे तर फॉरमॅटरला दोन महिरपी म्हणजे कोडाचेच कंस वाटत आणि तो त्यांच्यामध्ये जागा सोडून दोघींची ताटातूट करी. अशा ठिकाणी शिस्तमास्तरांनी शोधून शोधून दुसरा उपाय काढला: वर एक टीप, इथून थांब; खाली एक टीप, इथून पुढे चालू कर. मधलं सगळं राखीव. सेव्ह केलं. मध्ये केसालाही धक्का नाही, आणि वरखालचा कोड भांग पाडून तयार.

त्या राखीव तुकड्याकडे बघताना मात्र शिस्तमास्तरांचा चेहरा बघण्यासारखा होता. वाकड्यातिकड्या ओळी, एक इकडे, एक पार तिकडे.

"खुपतंय का?" बारकीने विचारलं.

"खूप."

"हाताने सरळ करू का थोडं? मोडणार नाही अशा बेताने?"

"कराल?" ते इतक्या आशेने म्हणाले, की तिने बसून ज्या ओळी सरळ होण्यासारख्या होत्या त्या एकेक करून सरळ केल्या. चार जागा सोडून.

टिपेत काय लिहायचं यावरही थोडं झालं. ते म्हणत होते, नुसतं ‘फॉरमॅटर बंद’ पुरे. ती म्हणाली, नुसतं बंद लिहिलं तर उद्या येणारा माणूस म्हणेल, हे कुणीतरी विसरलंय, आणि सुरू करून टाकेल. का बंद ते लिहायला हवं. शेवटी तिने त्याखाली लिहिलं, ‘या ओळी मोडल्या की लोकांच्या बाह्या बिघडतात.’ शिस्तमास्तरांनी वाचलं आणि एक पूर्णविराम तेवढा घातला.

झाडू बारकीने स्वतःच्या हाताने काढून टाकला. त्याच्या जागी राखणदार बसवला: कोणताही नमुना बाहेर जाण्याआधी तो चाचणीची मापं घालून पुरता भरून बघायचा, आणि एखादी महिरप जरी उरलेली दिसली तरी सगळं काम अडवून ओरडायचं. तपासण्यासाठी तिने मुद्दाम एक ओळ मोडून पाहिली. राखणदार असा काही लाल झाला, की पडदाभर दुसरं काही दिसेना. दोघांनी पोटभर पाहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात आत्या ऑफिसात आली. बारकीने बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली, हातात लोकरीची पिशवी घेऊन. शिस्तमास्तर उठून उभे राहिले. त्यांनी काय म्हणायचं ते बहुधा पाठ करून ठेवलं होतं, पण ते त्यांना अर्ध्यात आठवेना.

"आत्याबाई, तो फॉरमॅटर मी आणला होता. तुम्हाला जो मनस्ताप..."

"अहो, बसा," आत्या म्हणाली. "तुम्ही टेबल कोरड्या फडक्याने पण पुसता म्हणे. अशी माणसं हल्ली मिळतात कुठे? आमच्या वॉर्डात असतात तर मी तुम्हाला सोडलं नसतं." आणि तिने पिशवीतून नवी बाही काढून त्यांच्यापुढे पसरली. खांद्यापासून मनगटापर्यंत, हळूहळू उतरत आलेली, जशी बाही असावी तशी. शिस्तमास्तरांनी ती हातात न घेता नुसती वाकून पाहिली, मग विचारलं, हात लावला तर चालेल का?

"लावा की. तिला पट्टी नाही बांधलेली."

त्या दुपारी चौघांनी पुढच्या खोलीत चहा घेतला. मालकीणबाईंनी आत्याला विचारलं, नवे नमुने बाहेर सोडण्याआधी एकदा विणून पाहाल का? आत्या म्हणाली, पाहीन, पण माझा हात सावकाश आहे. मालकीणबाई म्हणाल्या, आम्हाला सावकाशच हवा.

स्वेटर पुरा झाला तेव्हा बाहेर चांगलीच थंडी पडायला लागली होती. आत्या तो कागदात गुंडाळून घेऊन आली. बाबांनी दोन्ही बाह्यांत हात घातले, बाह्या मनगटावर अचूक येऊन थांबल्या. मग त्यांनी डोकं घातलं. डोकं काही बाहेर येईना. बारकीने खालून ओढलं, आत्याने वरून दाबलं, आणि राखाडी लोकरीच्या आतून बाबांचा दबलेला आवाज आला, "अगं, कान."

शेवटी ते बाहेर आले, केस उभे, कान लालबुंद. बारकीने लगेच नमुन्याचे कागद ओढले आणि गळ्याचं पान काढून बोट ठेवत ठेवत वाचायला लागली.

"काही बघू नकोस तिथं," आत्या म्हणाली. "नमुना बरोबर आहे. गळ्याच्या शेवटच्या ओळीला मी टीव्ही बघत होते, सोळा टाके जास्तच कमी केले गेले. ही चूक माझी आहे." तिने ते असं सांगितलं, जणू चूक नव्हे, काहीतरी कमावलेलं दाखवत होती.

"उसव मग तेवढा गळा," बारकी म्हणाली.

"काही उसवायचा नाही," बाबा आरशासमोर उभं राहून म्हणाले. "एकदा घातला तो घातला. आता उन्हाळ्यातच काढेन."